मोठा जेट म्हणजे जास्त पळ?

‘मेन जेट जितका मोठा, तितकी गाडी जास्त पळते.’ मेन जेट म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधली, पेट्रोल मोजून सोडणारी छोटी छिद्राची नळी. रेससाठी बाइक तयार करणाऱ्या पोरांमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो आला कुठून, हे समजण्यासारखं आहे. मोकळा फिल्टर आणि रेसिंग सायलेन्सर लावला की इंजिन जास्त हवा ओढतं, मग पेट्रोलही वाढवावं लागतं. तेवढ्यापुरता मोठा जेट बरोबरच.

पण ताकद पेट्रोल आणि हवेच्या प्रमाणातून येते. पूर्ण ताकदीला एक भाग पेट्रोलमागे साधारण साडेबारा ते तेरा भाग हवा (वजनाने) लागते. त्याहून पेट्रोल वाढलं की ते नीट जळत नाही. गाडी वरच्या आरपीएमला अडखळते, स्पार्क प्लग काजळतो. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. मुंबईत जुळवलेला जेट कसारा घाट चढून आला की इथे थोडा मोठाच ठरतो.

तपासायचं कसं? नवा प्लग लावा. बंदिस्त ट्रॅकवर गरम इंजिन पूर्ण थ्रॉटलला (एक्सिलरेटर पूर्ण पिळून) पळवा, क्लच दाबून तिथेच बंद करा, प्लग काढा. कोरडी काळी काजळी दिसली तर जेट मोठा. पांढराफटक प्लग म्हणजे लहान. फिकट तपकिरी म्हणजे जेट बरोबर. मेन जेटचा अंमल साधारण पाऊण थ्रॉटलच्या पुढे असतो, त्यामुळे आयडलिंगवरून त्याचा निवाडा करू नका.

सुरुवात मात्र मोठ्या जेटपासूनच करा आणि एकेक नंबर खाली या. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये जेट लहान पडला तर पिस्टन जॅम होतो, तोही ऐन वेगात.