चार बोटांचं अंतर: कॅन्ससचा निकाल हवेने लावला, डार्लिंग्टनचा रबर लावतो

अमेरिकेतल्या कॅन्सस स्पीडवेवर रविवारी, 5 मे 2024 रोजी, नॅसकार कप मालिकेची (स्टॉक कार नावाच्या गाड्यांच्या अमेरिकी शर्यतींतली सर्वोच्च मालिका) शर्यत 402 मैल चालली. म्हणजे 647 किलोमीटर. ती संपली तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या गाडीत फरक होता 0.001 सेकंदाचा. काइल लार्सन जिंकला, क्रिस ब्यूशर हरला. नॅसकारमध्ये 1993 पासून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेळ मोजतात. तेव्हापासून कप मालिकेत इतक्या कमी फरकाने कुणी जिंकलेलं नाही.

शेवटच्या रेषेवर या गाड्या ताशी साधारण 290 किलोमीटरने येतात. सेकंदाला 80 मीटर. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात गाडी पुढे सरकते 8 सेंटिमीटर, आपली चार बोटं आडवी धरली तर होतात जवळपास तितकी. पूर्ण अंतराशी तुलना केली तर हा 80 लाखांतला एक भाग झाला. इतका लहान फरक ठरतो कशाने आणि तो मोजतात कसा, हे दोन्ही प्रश्न मला निकालापेक्षा जास्त मोलाचे वाटतात.

नॅसकारशी ओळख नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्टॉक कार बाहेरून शोरूममधल्या कॅमारो, मस्टँग किंवा कॅमरीसारखी दिसते. आतून मात्र ती पूर्णपणे शर्यतीसाठी बांधलेली असते. 5.86 लिटरचं व्ही-8 इंजिन, 2024 मध्ये बहुतेक ट्रॅकवर 670 अश्वशक्ती, वजन दीड टनाच्या आसपास. 2022 पासून सगळे संघ एकाच साच्याची, ठरलेल्या पुरवठादारांकडून आलेल्या सुट्या भागांची गाडी वापरतात. गाड्या एकमेकींच्या इतक्या जवळ येण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता मोजणीकडे. प्रत्येक गाडीत एक ट्रान्सपाँडर, म्हणजे संकेत पाठवणारं छोटं यंत्र, असतो. ट्रॅकच्या पृष्ठभागाखाली तारेची वेटोळी पुरलेली असतात. गाडी वरून गेली की तिची खूण आणि वेळ नोंदली जाते. प्रत्येक फेरीची वेळ याच यंत्रणेतून कळते आणि एरवी ती पुरून उरते. पण ट्रान्सपाँडर गाडीच्या नाकाच्या टोकावर नसतो, गाडीच्या अंगात बसवलेला असतो, आणि नियम म्हणतो की रेषा आधी नाकाने ओलांडली पाहिजे. ट्रान्सपाँडर बसवण्यात दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं किंवा तारेने संकेत किंचित उशिरा पकडला, तरी चार बोटांच्या फरकात निकाल फिरू शकतो. रविवारी सुरुवातीला ब्यूशर जिंकल्याचं दाखवलं गेलं. मग रेषेवर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्र तपासलं, आणि लार्सनचं नाक पुढे निघालं.

फोटो फिनिशचे अचूक कॅमेरे आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यासारखे पूर्ण दृश्य टिपत नाहीत. ते फक्त रेषेवरचा एक अरुंद उभा पट्टा सेकंदाला हजारो वेळा टिपतात आणि ते पट्टे शेजारी शेजारी लावतात. त्यामुळे चित्रात आडवी दिशा ही जागेची नसून वेळेची असते. ज्याचं नाक चित्रात आधी उमटलं तो आधी पोहोचला. कॅमेरा तिरका होता का, असा वाद उरत नाही. उलट 0.001 हा आकडा तितका काटेकोर समजू नये. घड्याळ हजाराव्या भागापर्यंतच वाचतं. प्रत्यक्षातला फरक अर्ध्या हजारांश सेकंदापासून दीड हजारांशापर्यंत काहीही असला, तरी तो 0.001 असाच छापला जाईल. विजेता नक्की आहे, अंतर अंदाजाचं आहे.

ही सोय नव्हती तेव्हा काय व्हायचं? 22 फेब्रुवारी 1959 ला डेटोना 500 ही 500 मैलांची शर्यत पहिल्यांदा झाली. ली पेटी आणि जॉनी ब्यूचॅम्प रेषेवर बरोबरीने आले, शिवाय एक फेरी मागे असलेला जो वेदर्लीही त्यांच्या शेजारी होता. तिथल्या तिथे ब्यूचॅम्पला विजेता ठरवलं गेलं. नंतर छायाचित्रं आणि वृत्तपटांची फीत गोळा करून तपासली, आणि तीन दिवसांनी विजय पेटीच्या नावावर लागला. रविवारी तोच प्रश्न मिनिटांत सुटला.

शर्यतीकडे येऊ. पावसामुळे सुरुवात सुमारे तीन तास लांबली आणि शेवट रात्री झाला. हा उशीर प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटला असेल, पण त्याने ट्रॅकच बदलून टाकला. शर्यतीच्या गाड्या फिरतात तसा टायरांचा रबर डांबरावर बसत जातो आणि पकड वाढवतो. पाऊस तो थर धुऊन नेतो. दुसरीकडे, रात्रीची थंड हवा दाट असते. इंजिनाला प्रत्येक घोटात जास्त ऑक्सिजन मिळतो, गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर वाढतो, डांबरही गार असतं. संघांनी दुपारच्या उन्हासाठी केलेली गाडीची मांडणी रात्रीला जुळवून घ्यावी लागते.

अखेरच्या टप्प्यात डेनी हॅमलिन आघाडीवर होता. सात-एक फेऱ्या उरल्या असताना काइल बुशची गाडी गरकन फिरली, पिवळा झेंडा पडला, म्हणजे सगळ्या गाड्या वेग कमी करून एकामागे एक आल्या, आणि हॅमलिनने कमावलेली आघाडी पुसली गेली. त्याच्यासाठी वाईट वाटलं. शर्यत त्याच्या हातात होती. 267 फेऱ्यांची शर्यत त्यामुळे ओव्हरटाइममध्ये, म्हणजे वाढीव फेरीत, 268 वर गेली. पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, मार्टिन ट्रूएक्सने चारही टायर नवे घेतले, पुढच्या बऱ्याच जणांनी दोनच. दोन टायरांना वेळ कमी लागतो, जागा वरची मिळते. चार टायरांना पकड जास्त मिळते, पण ती वापरायला फेऱ्या हव्यात. इथे हातात फेऱ्या होत्या दोनच. ट्रूएक्स चौथा आला, चेस इलियट तिसरा, हॅमलिन पाचवा.

शेवटच्या फेरीत ब्यूशर पुढे होता आणि लार्सन बाहेरच्या रेघेने, भिंतीच्या बाजूने आला. इथे थोडं गणित करू. गाडी सुमारे दोन मीटर रुंद असते. दोन गाड्या खेटून वळत असतील तर बाहेरच्या गाडीची त्रिज्या आतल्यापेक्षा दोन मीटरने मोठी. शेवटची दोन वळणं मिळून अर्धं वर्तुळ धरलं, तर बाहेरच्याला π गुणिले 2, म्हणजे सहा मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर कापावं लागतं. वेळेत सांगायचं तर 0.08 सेकंदाच्या आसपास, अंतिम फरकाच्या ऐंशीपट! हे देणं लार्सनने फेडलं ते वेगाने. कॅन्ससच्या वळणांचा कल आतल्या बाजूला 17 अंश आहे आणि वर जाताना 20 अंशांपर्यंत वाढतो. कल जास्त, वळणाची त्रिज्या मोठी, म्हणून वरच्या रेघेत पाय ॲक्सिलरेटरवर जास्त वेळ ठेवता येतो. अंतर जास्त आणि वेग जास्त, अशी ही अदलाबदल आहे. ती फायद्याची ठरावी असा ट्रॅक बांधला, तर शर्यती चुरशीच्या होतात.

वळणातून सरळ पट्ट्यावर आल्यावर उरलेलं काम हवेचं. पुढच्या गाडीच्या मागे राहिलं की हवेचा विरोध घटतो, हा ड्राफ्ट सायकलस्वारांनाही ठाऊक असतो. शेजारी शेजारी असताना चालतो तो साइड ड्राफ्ट. तुमच्या गाडीचं नाक प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आलं, की नाकावरून कापली गेलेली हवा त्याच्या मागच्या पंखावर, म्हणजे स्पॉइलरवर, जाऊन आदळते. त्याची गाडी जणू मागे ओढली जाते. म्हणून दोघे एकमेकांच्या अगदी जवळ सरकतात: ज्याचं नाक मागे आहे त्याला दुसऱ्याला ओढायचं असतं, आणि पुढच्याला त्या हवेची वाट बंद करायची असते. कॅन्ससच्या शेवटच्या काही सेकंदांत दोन्ही गाड्या एकमेकींना घासल्या त्या याच झटापटीत. निष्काळजीपणा म्हणून तिच्याकडे पाहणं चुकीचं ठरेल. ताशी 290 किलोमीटरवर हवेचा झोत कुठे वळवायचा हे हातातल्या चाकाने ठरवणं मला या खेळातलं सर्वात अवघड कौशल्य वाटतं.

 या निकालाने ब्यूशर मोठी संधी गमावून बसला; तेव्हा विजय म्हणजे प्लेऑफचं, मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांचं, दार उघडणं, आणि फोर्डच्या एकाही गाडीला 2024 च्या मोसमात तोवर कप शर्यत जिंकता आली नव्हती. त्या मोसमात हजारांश सेकंदांनी निकाल लागण्याची ही पहिली वेळही नव्हती. 25 फेब्रुवारीला अटलांटात डॅनियल स्वारेझ, रायन ब्लेनी आणि काइल बुश तिघे एका ओळीत आले होते. स्वारेझने ब्लेनीला 0.003 आणि बुशला 0.007 सेकंदांनी मागे टाकलं.

पुढच्या रविवारी, 12 मे रोजी, शर्यत होती डार्लिंग्टनला. योग असा की कॅन्ससला मोडलेला 0.002 सेकंदांचा विक्रम ज्या दोन शर्यतींच्या नावावर होता, त्यातली एक इथलीच. 2003 च्या मार्चमध्ये रिकी क्रेव्हन आणि कर्ट बुश शेवटची फेरी एकमेकांना खेटून, धूर काढत आले आणि क्रेव्हन जिंकला. क्रेव्हनच्या गाडीचा ब्रँड पाँटियाक, आणि त्याचा कप मालिकेतला तो शेवटचा विजय. दुसरी शर्यत 2011 ची टॅलाडेगा, तिथे जिमी जॉन्सनने क्लिंट बॉयरला हरवलं.

दक्षिण कॅरोलायनातला हा ट्रॅक 1.366 मैलांचा आणि अंड्याच्या आकाराचा आहे. हॅरोल्ड ब्रॅसिंग्टनने ज्या शेतकऱ्याकडून जमीन घेतली, त्याला एका टोकाचं आपलं माशांचं तळं मोडायचं नव्हतं. म्हणून ते टोक आखूड झालं. पहिली दोन वळणं रुंद, 25 अंश कलाची. दुसऱ्या टोकाची घट्ट, 23 अंशांची. एका टोकाला गाडी सुरेख वळेल अशी मांडणी केली की दुसऱ्या टोकाला ती नीट वळत नाही. अभियंत्याला कुठेतरी तडजोड करावीच लागते, आणि कुठे करायची हे प्रत्येक संघ वेगळं ठरवतो.

मोठ्या वळणाची त्रिज्या 180 मीटरच्या आसपास आहे. 25 अंशांचा कल एकट्याच्या बळावर, घर्षणाची अजिबात मदत न घेता, गाडीला ताशी साधारण 100 किलोमीटरपर्यंतच वळवू शकतो. शर्यतीतला वेग याच्या दुपटीपेक्षा जास्त असतो, आणि वळण्यासाठी लागणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. कल जेवढं देतो त्याच्या चौपटीहून जास्त लागतं. वरचं सगळं टायरांनी पेलायचं, हवेचा दाब त्यांना थोडी साथ देतो.

आणि डार्लिंग्टनचं डांबर टायर खातं. त्यातल्या टोकदार खडीने रबराचा वरचा थर खरवडला जातो, टायर तापतो, पकड घटते. टायरांचा एक संच झिजेपर्यंत फेरीचा वेळ दोन सेकंदांहून जास्त वाढू शकतो. कॅन्ससला हजाराव्या भागासाठी झगडलेले हेच चालक इथे मुद्दाम सावकाश चालवताना दिसतात, कारण सुरुवातीच्या दहा फेऱ्यांत वाचवलेला रबर पुढच्या तीस फेऱ्यांत व्याजासह परत मिळतो. चांगली रेघ भिंतीला लागून जाते. उजवी बाजू भिंतीला घासून रंग उडाला की त्या पट्ट्याला ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ म्हणतात, आणि तो पट्टा घेऊनही शर्यती जिंकल्या गेल्या आहेत.

रबराचं महत्त्व इथे पहिल्या दिवसापासून आहे. 1950 मध्ये झालेल्या पहिल्याच सदर्न 500 मध्ये, म्हणजे इथल्या 500 मैलांच्या शर्यतीत, 75 गाड्या होत्या. जॉनी मँट्झची प्लिमथ त्यांत सर्वात संथ गाड्यांपैकी. पण त्याने कठीण रबराचे टायर लावले होते. वेगवान गाड्यांचे टायर एकामागून एक फुटत राहिले, मँट्झ एकाच चालीने फिरत राहिला आणि कित्येक फेऱ्यांच्या आघाडीने जिंकला.

12 मेच्या 293 फेऱ्यांच्या शर्यतीत माझी नजर हॅमलिनवर होती. डार्लिंग्टनला तो तोवर चार वेळा जिंकला होता. सप्टेंबर 2023 ची इथली सदर्न 500 लार्सनने जिंकली होती, त्याच वर्षीच्या मे महिन्यातली शर्यत विल्यम बायरनने. इथे नव्या टायरांसाठी पिटमध्ये कोण आधी जातं ते नीट बघावं. टायर इतके झिजत असतील तर एक फेरी आधी आत जाणारा बाहेर येताना पुढे निघतो, पण शेवटी त्याचेच टायर सर्वात जुने असतात. भारतीय वेळेनुसार ही शर्यत रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू होणार होती.

19 मेला नॉर्थ विल्क्सबोरोला ऑल-स्टार शर्यत होती, तिला गुण नव्हते. तिथलं जुनं झिजलेलं डांबर काढून नवं टाकलं होतं. नव्या डांबरावर टायर फार झिजत नाहीत, आणि झीज नसली की ओव्हरटेकिंग अवघड होतं.

खरी परीक्षा 26 मेची होती. शार्लटचा ट्रॅक कॅन्ससइतकाच, दीड मैलाचा, पण तिथली शर्यत 600 मैलांची, उन्हात सुरू होऊन रात्री संपणारी. कॅन्ससच्या रात्रीबद्दल जे लिहिलं ते सगळं इथे एकाच शर्यतीत घडतं. संध्याकाळी डांबर निवलं की दुपारची सर्वोत्तम गाडी मागे पडू शकते. त्यात लार्सनचा बेत असा होता की त्याच दिवशी आधी इंडियानापोलिस 500 पळायची आणि मग विमानाने शार्लट गाठायचं. एकूण 1,100 मैल. त्याआधी चौघांनी हे करून पाहिलं होतं आणि दोन्ही शर्यतींतले सगळे मैल पूर्ण केले ते एकट्या टोनी स्ट्युअर्टने, 2001 मध्ये. इंडीकार, म्हणजे इंडियानापोलिसला पळते ती गाडी, स्टॉक कारच्या निम्म्या वजनाची, उघड्या चाकांची, पूर्ण वेगळ्या स्वभावाची. दुपारी हातांना जी सवय लागते ती संध्याकाळी विसरावी लागते. इंडियानापोलिस आपल्या वेळेनुसार रात्री सव्वादहाच्या सुमारास सुरू होणार होती, शार्लट पहाटे साडेतीननंतर. मध्ये पाऊस आला नाही, तरच हे वेळापत्रक जुळणार होतं.