लेझरचा शेक असं काही नसतं

"मॅडम, आज लेझरचा शेक द्या ना." आठवड्यातून चारदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. पेशंटचं मी समजू शकते. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'लेझर शेक' लिहून येतं, फिजिओथेरपीच्या दरपत्रकावर तसंच छापलेलं दिसतं, आणि कुणी ऑनलाइन मागवलेला तांबडा बल्ब घेऊन 'घरीच लेझर घेतलंय, रोज किती वेळ लावू?' असं विचारायला येतं, तेव्हा जीव कळवळतो. तो बल्ब इन्फ्रारेडचा असतो. त्याचा आणि लेझरचा संबंध एवढाच, की दोन्ही लालसर दिसतात. तेही नेहमी नाही.

शेक सगळ्यांना माहीत आहे. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेल्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली वीट, एरंडाचं पान. आमच्याकडचा इन्फ्रारेड दिवा हा त्यांचाच विजेवर चालणारा भाऊ. अडीचशे वॅटच्या आसपासचा बल्ब, दीड ते अडीच फुटांवर, पंधरा-वीस मिनिटं. कातडी तापते, रक्तवाहिन्या फुलतात, आखडलेला स्नायू सैल होतो. व्यायामाआधी मान किंवा कंबर मोकळी करायला मीही तो वापरते. ताज्या मुरगळीवर, सुजेवर लावायचा नाही. शेकाबद्दल एवढं पुरे.

आता फिजिओथेरपीतलं लेझर. त्याला कोल्ड लेझर म्हणतात, आणि ते म्हणजे जाडसर पेनासारखा एक प्रोब. त्यातून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश येतो: ६०० ते ७०० नॅनोमीटरचा लाल, किंवा ८०८, ८३०, ९०४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. शक्ती अर्ध्या वॅटपर्यंत, म्हणजे कमाल ५०० मिलीवॅट. 'कोल्ड' शब्दामुळे काहीजण बर्फासारखं गार लागेल या अपेक्षेने येतात, तर काहींना मूळव्याधीच्या किंवा मुतखड्याच्या ऑपरेशनचं लेझर आठवून भाजण्याची भीती वाटते. दोन्ही नाही. ते गार नसतं, ते फक्त तापवत नाही.

खरा घोटाळा इथूनच सुरू होतो. 'काही गरम लागलं नाही, म्हणजे मशीन चाललंच नाही' ही समजूत इतकी पक्की आहे की त्यापायी बरे होऊ शकणारे पेशंट तिसऱ्या दिवशी यायचे बंद होतात. शेकात जे जाणवतं तेच औषध असतं. ऊब आली की आराम पडतो, ऊब गेली की हळूहळू तो ओसरतो. चटका बसायला लागला की दिवा लांब करायचा. तिथे तुमची कातडीच मीटर असते. लेझरमध्ये कातडीला काहीच कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही, कारण तिथे काम उष्णतेचं नसून प्रकाशाचं आहे.

घरचं उदाहरण घ्या. उन्हात उभं राहिलं की अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं. चुलीपुढे दिवसभर बसलं, घामाघूम झालं, तरी त्याचा कणभरही तयार होत नाही. ऊब दोन्हीकडे आहे, पण कातडीला लागणारा अतिनील प्रकाश फक्त उन्हात आहे. लेझरचंही असंच, फक्त प्रकाश वेगळ्या तरंगलांबीचा आणि तो शोषणारी जागा वेगळी. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग असतात, त्यांत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. लाल आणि त्याच्या पलीकडचा अदृश्य प्रकाश ते शोषून घेतं. आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण असं, की दुखावलेल्या पेशीत या विकराला चिकटून बसलेला नायट्रिक ऑक्साइड त्यामुळे सुटतो, पेशीचा अडलेला श्वासोच्छ्वास पुढे सरकतो आणि पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, पुन्हा नीट तयार होऊ लागतं. यात कातडी तापण्याचा टप्पा कुठेच येत नाही.

या उपचाराचा शोधसुद्धा कमी शक्तीमुळेच लागला, ही गोष्ट मी प्रत्येक शंकेखोर पेशंटला सांगते. १९६० साली थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत पहिलं लेझर बनवलं. पुढे काही वर्षांत बॉस्टनला रूबी लेझरने प्राण्यांतल्या कॅन्सरच्या गाठी जाळण्याचे प्रयोग झाले. बुडापेस्टचे सर्जन एंद्रे मेस्टर यांनी तेच उंदरांवर करून पाहायचं ठरवलं. उंदरांचे केस भादरले, लेझर दिलं. पण त्यांचं लेझर बॉस्टनच्या मानाने फार अशक्त होतं. गाठींना काहीच झालं नाही. मात्र ज्यांना लेझर मिळालं होतं त्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. ही १९६७ ची गोष्ट. नंतर मेस्टर यांनी माणसांच्या न भरणाऱ्या जखमांवर हा प्रकाश वापरला. लेझर अधिक दमदार असतं, तर त्यांनाही जाळणं एवढंच दिसलं असतं.

आता जाणवतच नाही तर मोजायचं कसं? ज्यूलमध्ये. वॅट गुणिले सेकंद म्हणजे ज्यूल, शाळेतलंच गणित. १०० मिलीवॅटचा प्रोब एका बिंदूवर ४० सेकंद धरला की ४ ज्यूल. २०० मिलीवॅटचा असेल तर तेवढ्यालाच २० सेकंद. आणि वर्गात फळ्यावर लाल ठिपका पाडणारा ५ मिलीवॅटचा पॉइंटर धरायचा म्हटलं, तर एका बिंदूला ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटांहून जास्त. म्हणून 'पॉइंटरसुद्धा लेझरच ना?' या प्रश्नाला माझं उत्तर: हो, लेझरच, पण उपचार नाही.

हा डोस किती महत्त्वाचा, ते गुडघेदुखीच्या अभ्यासांत स्वच्छ दिसतं. २०१९ मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात गुडघ्याच्या संधिवातावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. ७८५ ते ८६० नॅनोमीटरला दर बिंदूला ४ ते ८ ज्यूल, ९०४ नॅनोमीटरला १ ते ३ ज्यूल, एवढं दिलं तिथे वेदना कमी झाली. डोस ज्यांनी पाळला नाही, त्यांच्याकडे तसा फायदा दिसला नाही. 'लेझरने काही होत नाही' म्हणणारे आणि 'लेझर म्हणजे जादू' म्हणणारे, दोघेही ज्यूलचा आकडा न विचारता बोलत असतात.

आणि जास्त म्हणजे चांगलं, हेही इथे चालत नाही. शेकात 'अजून पाच मिनिटं ठेवा' म्हटलं तर सहसा बिघडत नाही, थोडं सुखच वाटतं. लेझरचा डोस मात्र एका मर्यादेपुढे गेला की परिणाम वाढायचा थांबतो आणि मग उलटा उतरू लागतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये हे अनेकदा दिसलं आहे. एखाद्या मावशी मायेने म्हणतात, "आज गर्दी नाही, जरा जास्त वेळ मारा." मी नाही म्हणते, आणि का ते सांगते. गोळी एक लिहिली असताना तीन घेत नाही ना आपण!

याच घोटाळ्यातून एक वाईट सवय आमच्या क्षेत्रात शिरली आहे, आणि ती बघून मला राग येतो. दिव्यासारखा प्रोबही चार बोटं लांब धरून गुडघ्यावर हवेत गोल गोल फिरवायचा. कधी सलवारीवरून. कधी तेल चोळलेल्या कातडीवरून. प्रकाशाचा बराचसा भाग कातडीवरून परत फिरतो, उरलेला पसरतो, आणि कुठल्या बिंदूला किती ज्यूल गेले हे कुणालाच सांगता येत नाही. प्रोब उघड्या, पुसलेल्या कातडीला टेकवून, सरळ, हलका दाब देऊन धरायचा. सांध्याच्या फटीवर बोटाने दुखरे बिंदू शोधायचे आणि एकेकावर सेकंद मोजायचे. कंटाळवाणं काम आहे, पण उपचार तोच आहे.

काही जाणवत नसल्याचा एक मोठा फायदा आहे, तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. शेकाचा खोटा उपचार देऊन तुलनेची चाचणी घेता येत नाही. दिवा बंद आहे हे पेशंटला लगेच कळतं. लेझरचा मात्र बंद प्रोब टेकवला तर पेशंटलाही कळत नाही आणि धरणाऱ्यालाही कळू न देता चाचणी घेता येते. म्हणून इथे मनाच्या समजुतीमुळे वाटणारा आराम बाजूला काढून खरा परिणाम मोजता येतो. २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने मानदुखीवरच्या अशा १६ चाचण्यांचा आढावा छापला, एकूण ८२० पेशंट. जुनाट मानदुखीत उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत फरक टिकल्याचं त्यात आहे. कंबरदुखीत पुरावा कमकुवत आहे, म्हणून कंबरेसाठी मी आधी व्यायाम शिकवते.

सगळ्यात भक्कम पुरावा ज्या ठिकाणी आहे, तिथे तर कुणी शेकाचा विचारही करणार नाही: तोंडाच्या आत. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू झालं की काही आठवड्यांत तोंड आतून सोलवटतं, पाणी गिळवत नाही, कधी उपचार मध्येच थांबवावे लागतात. हे फोड येऊ नयेत म्हणून कमी शक्तीचं लेझर देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. आपल्या जवळच, कर्नाटकात, मणिपाल येथे हेलियम-निऑन नावाचं लाल प्रकाशाचं लेझर वापरून यावर काटेकोर चाचणी झाली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तंबाखू आणि गुटख्याने आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर इतके आहेत, की रेडिएशन सुरू होण्याआधीच 'तोंडासाठी लेझर मिळेल का?' हे घरच्यांनी डॉक्टरांना विचारावं, असं मला मनापासून वाटतं. हे लेझर कॅन्सरच्या गाठीवर थेट द्यायचं नसतं, म्हणून ते कॅन्सरच्या डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचं.

न जाणवण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बिघडलेलं मशीनही जाणवत नाही. आतला डायोड वापरून वापरून क्षीण होतो, पडद्यावर १०० मिलीवॅट दिसत राहतं आणि बाहेर त्याहून बरंच कमी येतं. ९०४ नॅनोमीटरच्या प्रोबला जो लाल ठिपका दिसतो, तो बहुधा फक्त नेम धरण्यासाठी जोडलेला वेगळा दिवा असतो. तो पेटतोय म्हणजे लेझर चालू आहे, असं नाही. त्यामुळे पॉवर मीटरने तपासल्याशिवाय प्रोबवर भरवसा ठेवू नये. पेशंटने तीन गोष्टी विचारायला संकोचू नये: तरंगलांबी किती, शक्ती किती, दर बिंदूला किती ज्यूल. उत्तर 'दहा मिनिटं' असं आलं, तर तुम्हाला शेकाचंच उत्तर मिळालं.

धोकेही वेगवेगळे. दिवा भाजतो, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना भाजल्याचं कळतही नाही. माझ्याकडे आलेल्या एका काकांच्या तळव्याला घरच्या दिव्याने फोड आले होते आणि ते त्यांना मोजा काढल्यावर दिसले. बधिर पायावर शेक नको म्हणजे नकोच. लेझरचा धोका डोळ्यांना. अदृश्य प्रकाशाने पापणी मिटत नाही आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होऊन जाते. म्हणून देणारा, घेणारा आणि खोलीतली आई किंवा मुलगा, सगळ्यांच्या डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचे चष्मे हवेत. गॉगल चालत नाही. गरोदरपणात पोटावर लेझर देत नाहीत.

हल्ली दहा-पंधरा वॅटची, 'क्लास फोर' म्हणजे सर्वाधिक शक्तीच्या वर्गातली लेझरं आली आहेत. त्यांनी खरंच ऊब लागते, आणि त्यामुळे पेशंटना ती लगेच पटतात. तीही चालतात, पण एका जागी धरली तर भाजतात, म्हणून सतत फिरवत ठेवावी लागतात. मग कुठल्या बिंदूला किती गेलं, हा प्रश्न परत येतो. गुडघा, कोपर, टाच यांना मी टेकवून धरायचा छोटा प्रोबच पसंत करते. एलईडीचे पट्टे लेझर नसतात, पण प्रकाशाचं तत्त्व त्यांनाही लागू पडू शकतं. खोक्यावर तरंगलांबी आणि शक्ती लिहिलेली नसेल तर घेऊ नका.

माझ्या रजिस्टरला दोन वेगळे रकाने आहेत. शेकाच्या पुढे मिनिटं, लेझरच्या पुढे नॅनोमीटर, बिंदू आणि ज्यूल. उपचार संपला की त्या पानाची प्रत मी पेशंटच्या हातात देते. दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला गेलात, तर तो कागद बरोबर न्या. तिथल्या फिजिओथेरपिस्टला पुढचा डोस त्यावरून ठरवता येतो.