लोकेच्छा: लोकशाहीच्या सिद्धान्तांमागचा जुना वाद

लोकशाहीचे सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत क्रमाने येतात: प्रातिनिधिक, अभिजनवादी, बहुलवादी, सहभागी, विचारविमर्शाची लोकशाही. त्या क्रमामुळे वाटतं की प्रत्येक पिढीने आधीच्यांच्या कामात भर घातली. पण हे सिद्धान्त एकमेकांशी भांडतच वाढले आहेत आणि भांडणाचं मूळ एकाच प्रश्नात आहे. मतं मोजण्याआधी ‘लोकांची इच्छा’ म्हणून काही असतं का? असलं तर ते मोजणीतून हाती लागतं का? आणि नसेलच, तर बहुमताचा निर्णय हरलेल्यांनी कशाच्या बळावर मानायचा?

अथेन्सविषयी इथे एवढंच पुरे की तिथलं ५०० जणांचं मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडलं जाई, आणि त्या काळच्या ग्रीक विचारात चिठ्ठी ही लोकशाहीची, तर निवडणूक ही मोजक्यांच्या सत्तेची खूण मानली जाई. १७८७-८८मध्ये अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेची बाजू मांडणाऱ्या लेखांतही ‘लोकशाही’ आणि ‘प्रजासत्ताक’ हे शब्द एकमेकांविरुद्ध उभे केलेले दिसतात: पहिल्यात लोक स्वतः जमून कारभार करतात, दुसऱ्यात निवडलेले प्रतिनिधी. लेखकांचा कौल अर्थातच दुसऱ्याला होता. निवडणूक म्हणजेच लोकशाही, हे आज गृहीत धरलेलं समीकरण त्यानंतरचं आहे.

खरा गुंता १७६२पासूनचा. जिनिव्हात जन्मलेल्या एका तत्त्वज्ञांनी सामाजिक कराराचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. प्रत्येकाच्या खासगी इच्छांची बेरीज केली की मिळते ती ‘सर्वांची इच्छा’. दुसरी इच्छा फक्त समाजाच्या समान हिताकडे पाहते. या दुसरीला मराठीत कुणी ‘सामूहिक ईहा’ म्हणतं, कुणी ‘सार्वत्रिक इच्छा’, कुणी नुसतं ‘लोकेच्छा’. एकही शब्द पुरता बसत नाही. ‘सामूहिक’ म्हटलं की बेरीजच डोळ्यांपुढे येते, आणि ती तर त्यांना नको होती. त्यांच्या मते सभेत मत देणाऱ्याला ‘तुला काय हवं?’ असं विचारलेलं नसतंच. ‘समाजाच्या हिताचं काय, असं तुला वाटतं?’ असं विचारलेलं असतं. म्हणून हरलेल्या माणसाने आपला अंदाज चुकला असं समजावं. आपल्यावर कुणी मात केली असं समजू नये.

या मांडणीवर दोन टोकांचे अर्थ लादले गेले. ईहा न मानणाऱ्याला ‘स्वतंत्र व्हायला भाग पाडलं जाईल’ असं तेच तत्त्वज्ञ लिहून गेले होते. १७९३-९४मध्ये फ्रान्समध्ये जनतेच्या नावाने गिलोटिन चाललं तेव्हा त्या वाक्याकडे बोटं दाखवली गेली. १९५२मध्ये एका इतिहासकारांनी तर विसाव्या शतकातल्या सर्वंकष सत्तांचं बीज याच विचारात शोधलं. मला हे वाचन अन्यायकारक वाटतं, कारण त्यात मूळ लेखनातल्या अटी गळून पडतात. नागरिकांना पुरेशी माहिती हवी, गटबाजी नको आणि निर्णय घेताना त्यांनी आपसांत संगनमत करू नये, अशा त्या अटी होत्या. शेवटची अट विचित्र वाटते. लोकांनी एकमेकांशी बोलायचं नाही, ही कसली लोकशाही?

उत्तर २३ वर्षांनी गणितातून आलं. १७८५मध्ये एका फ्रेंच गणितज्ञांनी दाखवलं की प्रश्नाला एक बरोबर आणि एक चूक असं उत्तर असेल, प्रत्येकजण बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे मत देत असेल, तर माणसं वाढत जातील तसं बहुमत बरोबर असण्याची शक्यताही वाढत जाते. एकेकट्याची शक्यता १००त ६० असेल, तर ११ जणांच्या बहुमताची सुमारे ७५ होते आणि १०१ जणांच्या बहुमताची सुमारे ९८. इथे ‘स्वतंत्रपणे’ या शब्दावर सगळा भार आहे. सगळे एकाच नेत्याच्या मागे गेले, तर १०१ मतं उरत नाहीत, एकच मत १०१ वेळा मोजलं जातं. जिनिव्हाच्या तत्त्वज्ञांची संगनमत न करण्याची अट नेमकी या जागी बसते. हा सांधा दोन अमेरिकी अभ्यासकांनी स्पष्टपणे जुळवून दाखवला तो १९८८मध्ये.

पण त्याच १७८५च्या ग्रंथात या सगळ्याला सुरुंग लावणारी दुसरी गोष्टही होती. तीन मतदार आणि अ, ब, क असे तीन पर्याय घ्या. पहिल्याचा पसंतीक्रम अ-ब-क, दुसऱ्याचा ब-क-अ, तिसऱ्याचा क-अ-ब. दोन-दोन पर्यायांची लढत लावली, तर अ हा ब-ला हरवतो, ब हा क-ला हरवतो आणि क पुन्हा अ-ला हरवतो. तिघांपैकी प्रत्येकाचं मत अगदी सुसंगत आहे, पण तिघांचं मिळून मत गोल फिरतं. मग लोकांची इच्छा नेमकी कोणती?

एकोणिसाव्या शतकाने हा प्रश्न बाजूला ठेवला आणि मताधिकार कुणाला, यावर शक्ती खर्च केली. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख हीच कसोटी मानणाऱ्या उपयुक्ततावाद्यांसाठी मत हे सत्ताधाऱ्यांपासून स्वतःचं हित सांभाळण्याचं साधन होतं. त्याच परंपरेत वाढलेल्या एका इंग्लिश विचारवंतांनी १८६१मध्ये सहभागाने माणूस घडतो असं म्हटलं आणि त्याच ग्रंथात शिकलेल्यांना जास्त मतं द्यावीत असंही सुचवलं. ही दोन विधानं एका माणसाची आहेत. पुढच्या शतकातले दोन विरोधी पंथ त्यांना आपापला पूर्वज मानतात.

आज आपण ज्या चौकटीत बोलतो ती १९४२नंतरची आहे. ऑस्ट्रियाचे एकेकाळचे अर्थमंत्री राहिलेले, त्या वेळी अमेरिकेत शिकवणारे एक अर्थतज्ज्ञ होते. त्यांनी सरळ सांगितलं की समान हित आणि लोकेच्छा या दोन्ही कल्पना टिकत नाहीत. लोकांच्या मतांसाठी स्पर्धा करून निर्णयाचा अधिकार मिळवण्याची व्यवस्था म्हणजे लोकशाही, बस. लोकांनी राज्य करायचं नाही. राज्यकर्ते निवडायचे आणि हटवायचे. पाठ्यपुस्तकांतला ‘अभिजनवादी’ सिद्धान्त तो हाच. दशकभरात त्यांना दोन बाजूंनी पाठबळ मिळालं. १९५१मध्ये एका तरुण अर्थशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की तीन किंवा अधिक पर्याय असताना, काही अगदी साध्या वाटणाऱ्या अटी पाळून सर्वांच्या पसंतीक्रमांतून समाजाचा सुसंगत क्रम काढण्याची हमी कोणत्याही नियमाला देता येत नाही. १७८५चं कोडं आता अपघात राहिलं नाही, सार्वत्रिक झालं. दुसरं पाठबळ मतदारांच्या पाहण्यांतून आलं. लोकांना राजकारणाची माहिती थोडी आणि रस त्याहून थोडा असतो, असं त्यांत दिसलं. १९५४मध्ये एका अभ्यासगटाने पुढचं पाऊल टाकलं: काही लोकांची उदासीनता व्यवस्थेच्या स्थैर्याला उपकारकच असते.

लोक उदासीन आहेत ही पाहणी झाली. ते तसे असलेले बरे, हा मूल्यनिर्णय झाला. या दोहोंमधलं अंतर त्या वेळी फारच सहज ओलांडलं गेलं. युरोपातल्या हुकूमशाह्या पाहून आलेल्या पिढीला जनसमूहाच्या उत्साहाची भीती वाटणं समजण्यासारखं आहे. पण भीती हे काही सिद्धान्ताचं प्रमाण नव्हे. सत्तेसाठी अनेक गट झगडतात आणि कुणा एकाची मक्तेदारी नसते, असं सांगणाऱ्या बहुलवाद्यांनी चित्र थोडं सौम्य केलं. मात्र सामान्य माणूस त्यांच्याही मांडणीत बहुतेक वेळ प्रेक्षकच राहिला.

१९६०च्या दशकातल्या चळवळींनी त्याला मंचावर आणलं. १९७०मध्ये एका ब्रिटिश अभ्यासक महिलेने तर्क उलटवला: माणसं अजाण आहेत म्हणून त्यांना दूर ठेवायचं, की दूर ठेवल्यामुळे ती अजाण राहिली? कारखान्यात आठ तास नुसता हुकूम पाळणाऱ्याकडून पाच वर्षांतून एकदा सुजाण नागरिक होण्याची अपेक्षा कशी करायची? सहभागी लोकशाहीचं बळ या प्रश्नात आहे. लाखोंच्या समाजात हे घडवायचं कसं, इथे मात्र ती अडली.

१९८०च्या दशकात भर मोजणीवरून चर्चेकडे सरकला. ‘विचारविमर्शाची लोकशाही’ हा शब्दप्रयोग १९८०मध्ये एका अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांच्या लेखातून आला आणि त्याला तात्त्विक खोली बऱ्याच अंशी जर्मन परंपरेने दिली. दावा असा की इच्छा आधीपासून तयार नसतात. एकमेकांना पटतील अशी कारणं देता-घेता त्या घडतात आणि निर्णयाची वैधता या घडण्यातून येते. माझ्या मते १७६२च्या प्रश्नाचं हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. पण ते त्याच तत्त्वज्ञांच्या अटीला तडा देऊन मिळतं, कारण लोक बोलू लागले की मतं स्वतंत्र राहत नाहीत. चर्चेने माहिती वाढते तशी बोलक्याची छापही वाढते. मतभेद मिटवण्याची ही ओढच घातक आहे, संघर्ष उघड राहिला पाहिजे, असं म्हणणारा पंथ याच फटीतून पुढे आला. २०१६मध्ये अमेरिकेतून ज्ञानवंतांच्या हाती जास्त अधिकार देण्याची उघड मागणी झाली. तिच्यामागे १७८५च्या गणिताची दुसरी धार आहे: प्रत्येकजण बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून कमी असेल, तर गर्दी जितकी मोठी तितकी चूक पक्की.

दरम्यान, चिठ्ठी परत आली आहे. आयर्लंडमध्ये २०१६पासून चिठ्ठीने निवडलेल्या ९९ नागरिकांनी तज्ज्ञांची आणि दोन्ही बाजूंची मतं ऐकून गर्भपातबंदी उठवण्याची शिफारस केली, आणि मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतं त्या बाजूने पडली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात याआधी असंच घडलं होतं, पण शेवट वेगळा झाला. २००४मध्ये तशाच पद्धतीने निवडलेल्या १६० जणांनी नवी निवडणूकपद्धत सुचवली. २००५च्या सार्वमतात तिला ५७.७ टक्के मतं मिळाली. आवश्यक होती ६० टक्के, म्हणून प्रस्ताव पडला. तीच पद्धत २००९मध्ये पुन्हा लोकांपुढे ठेवली, तेव्हा तिच्या बाजूने जेमतेम ३९ टक्के मतं पडली.