समुद्राच्या हवामानाचा अंदाज: विसंबायचे कशावर?

होडी घेऊन समुद्रात जायचे असले की आदल्या रात्री बहुतेक जण फोनवरची दोन-तीन अ‍ॅप उघडतात. तिन्हींत वारा 12 नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) दिसला की जीव भांड्यात पडतो. पण ही खातरी फसवी असू शकते. हवामानाची अनेक मोफत अ‍ॅप स्वतः अंदाज काढतच नाहीत. अमेरिकी हवामान सेवेच्या जीएफएस या जागतिक मॉडेलचे, म्हणजे संगणकावर हवामानाचे गणित मांडणाऱ्या प्रणालीचे, आकडे सर्वांना फुकट मिळतात, तेच रंगीत नकाशांवर मांडून पुढे दिले जातात. म्हणजे साक्षीदार तीन नाहीत, एकच आहे.

म्हणून आधी बघायचे ते मॉडेलचे नाव, आणि ते कधी चालवले होते ती वेळ. जीएफएस दिवसातून 4 वेळा नव्याने चालते. कालचा आकडा आज बघण्यात अर्थ नाही. त्याच्या शेजारी युरोपीय मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राचे मॉडेल ठेवावे. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी एकाच उत्तरावर आली तर भरवसा वाढतो. एक 12 नॉट म्हणते आणि दुसरे 22, तर सरासरी 17 धरून निघणे ही घोडचूक. एका मॉडेलमध्ये कमी दाबाचा पट्टा तुमच्या वाटेवर येतो आहे, दुसऱ्यात तो बाजूने जातो आहे. प्रत्यक्षात यांपैकी काहीतरी एक घडेल; 17 नॉट कदाचित कुठल्याच शक्यतेत नसतील. अशा वेळी 22 धरूनच ठरवावे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, 10 चे 20 नॉट झाले की जोर चौपट होतो. शिवाय अंदाजातला वेग सरासरी असतो, झोत त्याहून बरेच जोरदार येतात.

किनाऱ्याजवळ जागतिक मॉडेल आणखी कच्ची पडतात. त्यांची एकेक चौकट साधारण 9 ते 13 किलोमीटरची असते. तेवढ्यात खाडीचे तोंड, उंच कडा आणि मोकळे पाणी सगळे एकत्र मिसळून जाते. भूशिराला वळसा घालताना अचानक वाढणारा वारा त्यात दिसतच नाही. तिथे राष्ट्रीय हवामान संस्थेचे सागरी बुलेटिन उपयोगी पडते, कारण ते त्या किनाऱ्याची खोड ओळखणाऱ्या माणसाच्या नजरेखालून गेलेले असते. 1859 मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून 400 हून अधिक माणसे बुडाली; त्यानंतर ब्रिटिश हवामान विभागाचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी 1861 पासून तारेने बंदरांना वादळाचे इशारे धाडायला सुरुवात केली. आजची बुलेटिन त्याच परंपरेतली आहेत. दिसायला रुक्ष असतात, पण अ‍ॅप आणि बुलेटिन यांत मतभेद असेल तर मी बुलेटिनचे ऐकेन.

सर्वांत जास्त गैरसमज लाटांच्या उंचीबद्दल आहे. अंदाजात ‘लाटा 1.5 मीटर’ असे लिहिले म्हणजे सर्वांत मोठी लाट दीड मीटरची, असे नाही. लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश घेऊन त्यांची ही सरासरी असते; अनुभवी खलाशी नजरेने जी उंची सांगेल तिच्याशी ती साधारण जुळते. याचा अर्थ सुमारे दर सातवी लाट त्याहून मोठी असते. दर सहा सेकंदांना एक लाट धरली तर दोन तासांत 1200 लाटा होडीखालून जातात, आणि इतक्या लाटांत एखादी जवळजवळ दुप्पट, म्हणजे तीन मीटरच्या आसपास निघते. ती अपवाद नाही, हिशेबातलीच आहे.

उंचीच्या शेजारी सेकंदांत लिहिलेला आवर्तनकाल, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ, असतो; त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. खोल पाण्यात 12 सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे 225 मीटर भरते. दीड मीटर उंचीला होडी सावकाश वर चढते आणि उतरते. तीच उंची 5 सेकंदांच्या लाटेला असेल तर लांबी जेमतेम 39 मीटर. लाट उभी राहते आणि होडी आपटत जाते. पण उथळ पाण्यात हा न्याय उलटतो: दुरून आलेली लांब लाट खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर उंच होऊन फुटते. बाहेर निवांत वाटणारा समुद्र परतताना तिथे अडवतो. त्यात ओहोटीचा ओढ वाऱ्याविरुद्ध असेल तर लाटा आखडून आणखी उभ्या होतात. स्थानिक प्रवाहाचा हा परिणाम अ‍ॅपच्या आकड्यात बहुधा धरलेला नसतो, म्हणून भरती-ओहोटीचे कोष्टक बरोबर हवेच.

निघण्याआधी एक पडताळणी कोणालाही करता येते. आत्ताच्या तासासाठी अंदाज काय म्हणत होता आणि जवळच्या बोयावर (मोजणीची उपकरणे बसवलेल्या तरंगत्या पिंपावर) आत्ता काय मोजले जाते आहे, हे ताडून पाहावे. अंदाज 10 नॉटचा आणि बोया 16 दाखवतो, तर पुढच्या तासांचे आकडेही संशयास्पद. समुद्रात असताना हवेचा दाब बघत राहावा. तीन तासांत साडेतीन हेक्टोपास्कलहून अधिक घसरण झाली, तर ब्रिटिश सागरी अंदाजात ती ‘वेगवान’ गणली जाते. उष्ण कटिबंधात दाब रोजच सुमारे 3 हेक्टोपास्कल वर-खाली होतो. तिथे तुलना कालच्या त्याच वेळच्या दाबाशी करावी.