गर्दीशुल्क: आधी अनुभव, मग मतदान

मोटारींनी व्यापलेला रस्ता पुन्हा माणसांना मिळवून देण्याच्या प्रयत्नांचा पहिला टप्पा बहुतेकांना ठाऊक आहे. कोपनहेगनची मुख्य बाजारपेठ १९६२ मध्ये वाहनांसाठी बंद झाली. अपघातांत मुले दगावतात म्हणून नेदरलँड्समधले पालक १९७० च्या दशकात रस्त्यावर उतरले. ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्यात सायकलने थेट जाता येई, मोटारीला मात्र बाहेरून वळसा पडे. या सगळ्यांत मोटारीची वाट अडवलेली होती. वाट मोकळी ठेवायची पण तिचे पैसे घ्यायचे हा प्रकार, म्हणजेच गर्दीशुल्क, वेगळा, आणि गेल्या पंचवीस वर्षांतला खरा वाद त्यावरच झाला आहे.

सुरुवात सिंगापूरने जून १९७५ मध्ये केली. सकाळच्या गर्दीच्या वेळी मध्यवर्ती भागात शिरायचे तर काचेवर कागदी परवाना लावायचा, दिवसाला ३ सिंगापूर डॉलर. मोटारीत चार माणसे असली तर माफ. निवडणुकीत आव्हान नसलेल्या सरकारला हे जमले, असे पुढे अनेकांनी म्हटले आणि त्यात तथ्य आहे. नॉर्वेत बर्गेनने १९८६ मध्ये आणि ऑस्लोने १९९० मध्ये शहराभोवती टोलचे कडे उभारले, पण ते मुख्यतः रस्ते बांधायला पैसा हवा म्हणून. गर्दी कमी करणे हा तिथला मूळ हेतू नव्हता. लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ पासून दिवसाला ५ पौंड आकारले जाऊ लागले. तिथे महापौरांनी जाहीरनाम्यात आश्वासन दिले होते, निवडून आल्यावर ते पाळले. सरळ मामला.

स्टॉकहोमचा मामला मात्र सरळ नव्हता.

२००२ च्या निवडणुकीत तिथल्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या महापौरपदाच्या उमेदवाराने येत्या कार्यकाळात असे शुल्क लावणार नाही, असा शब्द दिला होता. पक्ष निवडून आला. पण देशपातळीवर सरकार चालवायला एका छोट्या पर्यावरणवादी पक्षाचा पाठिंबा लागत होता आणि त्या पक्षाने किंमत सांगितली: राजधानीत गर्दीशुल्काचा पूर्ण प्रमाणावर प्रयोग. शब्द मोडला गेला. वर्तमानपत्रांनी झोडपले, प्रकरण न्यायालयात गेले, सुरुवात लांबत गेली. शिवाय स्वीडनच्या कायद्याप्रमाणे महापालिकेला शहराबाहेरच्या माणसावर कर बसवता येत नसल्याने ही आकारणी देशाच्या सरकारचा कर ठरली. म्हणजे निर्णयाची बदनामी शहराच्या वाट्याला आणि तिजोरीची किल्ली सरकारकडे.

प्रयोग ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ असा चालला. मध्यवर्ती भागात येता-जाता, कामाच्या दिवशी, वेळेनुसार १० ते २० स्वीडिश क्रोनर. दिवसाला जास्तीत जास्त ६०. नंबरपाटी कॅमेऱ्याने टिपायची, थांबायचे कारण नाही. शहरातून जाणारा एसिंगे महामार्ग वगळला. लिडिंगो बेटाच्या रहिवाशांना शहर ओलांडल्याखेरीज कुठेच जाता येत नाही, म्हणून अर्ध्या तासात आरपार गेल्यास सूट दिली. अशा सवलतींची टिंगल झाली, पण माझ्या मते योजना तगली ती त्यांच्यामुळेच.

परिणाम अनपेक्षित वेगाने दिसला. शुल्कहद्द ओलांडणारी वाहतूक जवळपास एक पंचमांशाने घटली. त्याआधी, ऑगस्ट २००५ मध्ये, सुमारे २०० नव्या बसगाड्या रस्त्यावर आणल्या होत्या. शुल्काशिवायच्या त्या महिन्यांत मोटारींच्या संख्येत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. ‘आधी बस सुधारा, लोक आपोआप मोटार सोडतील’ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट अजून पचलेली नाही. कमी झालेले सगळे मोटारप्रवास बसमध्ये गेले असेही नाही. काही फेऱ्यांची वेळ बदलली, काहींचे ठिकाण बदलले, तर काही झाल्याच नाहीत. जुलैअखेर आकारणी थांबताच बरीचशी वाहतूक परतली, सगळी नाही.

शुल्क कायम ठेवावे का, यावर सार्वमत १७ सप्टेंबर २००६ रोजी झाले. प्रयोगाआधी शुल्काला पाठिंबा देणारे अल्पसंख्य होते. आता कोरी मते वगळता शहरातल्या सुमारे ५३ टक्क्यांनी होकार दिला. शेजारच्या चौदा नगरपालिकांनी स्वतंत्र मतदान घेतले, तिथला एकंदर कौल विरोधात गेला. कुणाचे मत धरायचे? रोज गाडी घेऊन आत येणाऱ्याचे, की ज्याच्या खिडकीखालून ती गाडी जाते त्याचे? यावर तिथे अजूनही एकमत नाही. त्याच दिवशी शुल्काला विरोध करणाऱ्या पक्षांची आघाडी सत्तेवर आली. तिने शुल्क रद्द केले नाही. १ ऑगस्ट २००७ पासून ते कायम केले, फक्त पैसा नव्या रस्त्यांकडे वळवला, त्यात शहराला वळसा घालणारा मोठा महामार्गही होता. मोटारी कमी करण्यासाठी घेतलेल्या पैशातून मोटारींसाठी रस्ता बांधण्यातली विसंगती कुणाच्या नजरेतून सुटली नाही. पण त्या तडजोडीशिवाय शुल्क टिकले असते, असे छातीठोकपणे म्हणणारा माणूस विरळा.

लोकांना आधी विचारले तिथे चित्र उलटे. एडिनबराने फेब्रुवारी २००५ मध्ये मत मागितले, ७४ टक्के नकार. मँचेस्टरने डिसेंबर २००८ मध्ये मागितले, दहाही भागांतून नकार. मिलानने २०११ च्या सार्वमतात होकार दिला, पण तिथे २००८ पासूनच प्रदूषणानुसार प्रवेशशुल्क सुरू होते. यावरून ‘आधी अनुभव, मग मतदान’ हे सूत्र सल्लागारांच्या सादरीकरणांत रूढ झाले. मूळ स्टॉकहोममध्ये ते कुणी शहाणपणाने आखले नव्हते, हे सहसा सांगितले जात नाही. आघाडीच्या वाटाघाटीत ते निपजले.

शिवाय सूत्र नेहमी लागू पडतेच असे नाही. स्वीडनमधल्याच गोथेनबर्गने जानेवारी २०१३ मध्ये शुल्क सुरू केले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये मत घेतले. दीड वर्षाचा अनुभव असूनही सुमारे ५७ टक्के विरोधात गेले. तरी शुल्क चालूच राहिले, कारण शहराखालून जाणाऱ्या रेल्वे बोगद्याच्या खर्चाची जुळणी त्यावर बेतलेली होती.

न्यूयॉर्कने तर मतदान टाळलेच. राज्य विधिमंडळाने २०१९ मध्ये मंजुरी दिली. जून २०२४ मध्ये, अंमलबजावणीला काही आठवडे असताना, १५ डॉलरची आकारणी थांबवण्यात आली आणि शेवटी ५ जानेवारी २०२५ रोजी ९ डॉलरवर ती सुरू झाली. महिन्या-दीड महिन्यात केंद्र सरकारने संमती मागे घेतली, त्यावरून न्यायालयीन लढाई जुंपली आणि ती चालू असताना कॅमेरे पैसे आकारतच राहिले.