पेपर कोण काढतं? सोलापुरातल्या राज्यशास्त्राच्या अध्यापनाची पार्श्वभूमी

‘राज्यशास्त्राची व्याख्या सांगून स्वरूप व व्याप्ती स्पष्ट करा.’ हा प्रश्न बी.ए.च्या पिढ्यान्‌पिढ्यांनी सोडवला आहे. उत्तराचा साचाही ठरलेला: आधी गार्नर, मग गिलख्रिस्ट, मग सीली या अभ्यासकांच्या व्याख्या, अवतरणाखाली रेघ, पाच-सहा मुद्दे आणि समारोप. मुलं स्वतंत्र विचार करत नाहीत, अशी तक्रार प्राध्यापकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. माझ्या मते ती चुकीच्या पत्त्यावर जाते. वर्गात शिकवणारा एक, अभ्यासक्रम ठरवणारे दुसरे, पेपर काढणारे तिसरे आणि तपासणारे चौथे, अशी घडण असेल तर हुशार मूल गाइडच घेणार.

ही घडण 1857 पासूनची आहे. मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं तेव्हा त्याचं काम शिकवणं नव्हे, तर परीक्षा घेऊन पदवी देणं हे होतं. 1940 साली सोलापुरात दयानंद महाविद्यालय सुरू झालं ते याच चौकटीत. पुढे 1949 ला पुणे विद्यापीठ आलं, 1962 ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, आणि 2004 साली सोलापूरला एका जिल्ह्यापुरतं स्वतःचं विद्यापीठ मिळालं. 2019 पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. गुणपत्रिकेवरचा शिक्का बदलत गेला, पण शिकवणारा आणि पेपर काढणारा यांच्यातलं अंतर तसंच राहिलं.

विषयाचं वयही फारसं नाही. आपल्याकडे राज्यशास्त्र बराच काळ इतिहास आणि अर्थशास्त्राच्या पोटात होतं. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत त्याचे स्वतंत्र विभाग 1940 च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. पहिल्या अभ्यासक्रमांचा भर प्लेटोपासून जॉन स्टुअर्ट मिलपर्यंतचे विचारवंत आणि ब्रिटन-अमेरिकेच्या राज्यघटना यांवर होता. ते शिकायलाच हवं. पण त्याच वर्षांत सोलापुरात काय घडत होतं ते पाहा.

27 ऑगस्ट 1949 ला सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारनं या एकाच कंपनीसाठी वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला आणि नंतर त्याचा कायदा केला. चिरंजीतलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. देशात इतक्या गिरण्या असताना आमच्या एकटीसाठीच कायदा का, कलम 14 मधल्या समानतेचं काय, हा त्यांचा सवाल होता. 4 डिसेंबर 1950 ला तीन न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली. कायदा वैध आहे असं धरून चालायचं आणि तो भेदभाव करतो हे तक्रारदारानं दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. पतंजली शास्त्री आणि एस. आर. दास या दोघांनी विरोधी मत नोंदवलं. त्यांना तो कायदा समानतेच्या विरोधात वाटला. पुढे द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या प्रकरणात, डिसेंबर 1953 मध्ये, न्यायालयानं तोच कायदा मालमत्तेच्या हक्काच्या मुद्द्यावर घटनाबाह्य ठरवला. मालमत्तेच्या हक्काला मर्यादा घालणाऱ्या 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे अशाच निकालांची कारणं होती.

हातावर पोट असलेल्या कामगारांच्या शहरातला हा वाद आहे. कामगाराची रोजी आणि भागधारकाचा हक्क यांत संविधान कोणाकडे झुकतं? पाच न्यायमूर्तींचंच एकमत नव्हतं, म्हणजे पाठ करायला एक उत्तर इथे नाहीच. विद्यार्थ्यानं बहुमताचा निकाल वाचावा, मग दास यांचं मत वाचावं आणि आपली बाजू कारणांसह लिहावी. गाइडमध्ये मात्र या खटल्याची फार तर एक ओळ सापडते.

मे 1930 चंही तसंच. सोलापुरात निदर्शकांवरच्या गोळीबारानंतर पोलीस मागे सरले, दोन-तीन दिवस ब्रिटिश सत्ता जणू नाहीशी झाली आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारी सांभाळू लागले. मग मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलांना सार्वभौमत्व म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण कोणतं? त्या दिवसांत शहरात राज्य कुणाचं होतं, एवढं विचारलं तरी वर्गात दोन तट पडतात.

य. दि. फडके यांचा जन्म सोलापूरचा, 1931 चा. ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रावर त्यांनी लिहिलेले खंड मूळ कागदपत्रांवर उभे आहेत. लोकप्रिय समजुतीला धक्का बसला तरी पुरावा दाखवेल तेच लिहायचं, ही त्यांची रीत होती. आमच्या मुलांना हा माणूस प्राध्यापक म्हणून माहीतच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

भाषेचाही पदर आहे. इथल्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुलं मराठीतून राज्यशास्त्र शिकतात. मूळ निकाल आणि ग्रंथ इंग्रजीत, त्यामुळे मधल्या जागेत नोट्स शिरतात. त्यात 2012 पासून एमपीएससीची मुख्य परीक्षा बहुपर्यायी झाली आणि एका ओळीच्या उत्तरांना आणखी भाव आला. आता आयोगानं ती पुन्हा वर्णनात्मक केली आहे, आणि सोलापुरातल्या काही महाविद्यालयांना स्वायत्तताही मिळाली आहे. तिथे अभ्यासक्रम मंडळ आणि पेपर दोन्ही महाविद्यालयाच्या हाती असतात. जुन्या मिलच्या निकालातला एक उतारा मराठीत करून देऊन त्यावर प्रश्न विचारायला तिथे आता कुणाची आडकाठी नाही.