ठिपका फिका पडला: जनुक मंदावलं की अक्षरं जुळली नाहीत?

मायक्रोअ‍ॅरे ही एक चिप: तिच्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात एखाद्या जनुकाशी जुळणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे प्रोब, असतात, आणि नमुना त्यांना जितका चिकटेल तितका ठिपका चमकतो. माणसाच्या जनुकांसाठी बनवलेल्या अशा मायक्रोअ‍ॅरेवर चिंपांझीच्या यकृतातल्या आरएनएपासून तयार केलेला नमुना टाकला आणि एखादा ठिपका फिका दिसला, तर त्याचे दोन अर्थ निघतात. चिंपांझीत ते जनुक खरोखरच कमी चालत असेल. किंवा ते जोरात चालू असेल, पण त्याच्या डीएनए-अक्षरांचा क्रम जरासा निराळा असल्याने प्रोबला नीट चिकटत नसेल. पहिला फरक अभिव्यक्तीचा (जनुक किती चालतं याचा), दुसरा क्रमाचा. स्कॅनरला दोन्ही सारखेच.

क्रमातला जरासा फरकही इथे महागात पडतो. अफिमेट्रिक्स या कंपनीच्या चिपवरचे प्रोब २५ अक्षरांचे, आणि एका जनुकासाठी असे अनेक. माणूस आणि चिंपांझी यांच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएमध्ये, सुट्या अक्षरांचे बदल साधारण १.२ टक्के. हाच दर धरला तर चार प्रोबांमागे एकात तरी विजोड अक्षर सापडेल. (प्रथिनं ठरवणाऱ्या भागात बदल याहून कमी असतात, एवढाच दिलासा.) एका अक्षराने काय होतं, असं वाटेल. पण याच कंपनीच्या जुन्या चिपांवर प्रत्येक प्रोबला एक जोडीदार असे, ज्याचं मधलं, १३वं अक्षर मुद्दाम चुकवलेलं असे. तेवढ्या चुकीने बंध ढिला पडतो, हे त्या रचनेत गृहीतच होतं.

मग ओळखायचं कसं? अभिव्यक्ती घटली तर त्या जनुकाचे बहुतेक सगळे प्रोब एकत्र फिके होतात. क्रम बदलला असेल तर ठरावीक प्रोबच पडतात, आणि यकृत घ्या की मेंदू, तेच पडतात. शिवाय क्रमामुळे येणारी चूक बहुधा एकाच दिशेची असते: चिप ज्या प्रजातीची, तिचंच पारडं जड. ‘माणसात जास्त’ ही यादी ‘चिंपांझीत जास्त’पेक्षा फारच लांब निघाली, तर मला आधी चिपचाच संशय येईल.

खात्रीची कसोटी म्हणजे त्याच चिपवर चिंपांझीचा जीनोमिक डीएनए टाकणं. तिथे अभिव्यक्तीचा संबंधच नाही, त्यामुळे एकेक प्रत असलेल्या जनुकाचा ठिपका तिथेही फिका पडला तर दोष क्रमाचा. असे प्रोब विश्लेषणातून गाळतात. संशोधक योआव गिलाड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दुसरी वाट धरली: एकाच अ‍ॅरेवर माणूस, चिंपांझी, ओरांगउटान आणि ऱ्हीसस माकड या चौघांचे प्रोब ठेवले.

उलटा घोळही होतो. त्याच कुटुंबातलं, म्हणजे मिळत्याजुळत्या क्रमाचं, दुसरं जनुक प्रोबला चिकटतं आणि बंद असलेल्या जनुकाचा ठिपकाही चमकतो.